नोंदणी पद्धतीने विवाह : नोटिशीपासून प्रमाणपत्रापर्यंतचे नियोजन

नोंदणी पद्धतीने लग्न करायचे ठरले की बहुतेक जोडपी आधी दिवस ठरवतात, नातेवाइकांना कळवतात आणि मग विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशीला जातात. हा क्रम उलटा आहे. विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये होणाऱ्या विवाहात लग्नाचा दिवस नोटिशीच्या तारखेवर ठरतो आणि नोटीस कोठे द्यायची हे वधूवरांच्या राहत्या पत्त्यावर ठरते. म्हणून सभागृहाची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी या दोन गोष्टी निश्चित कराव्यात.

वधूवरांपैकी किमान एक जण नोटिशीच्या लगतपूर्वीचे ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहत असेल, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. नोकरीनिमित्त नुकतेच शहर बदललेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. महाराष्ट्रात हे काम राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे. महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात लग्न लावले जात नाही; तेथे आधीच पार पडलेल्या लग्नाची १९९८ च्या राज्य अधिनियमानुसार नोंद होते. ज्यांचे लग्न धार्मिक विधीने आधीच झाले आहे त्यांनी अविवाहित म्हणून नोटीस देऊ नये. त्यांना पालिकेतील नोंदीचा मार्ग मोकळा आहे, किंवा १९५४ च्याच कायद्याच्या कलम १५ खाली नोंदणी करून घेता येते. मात्र त्यासाठीही ३० दिवसांची जाहीर सूचना असतेच. धार्मिक विधी आणि नोंदणी विवाह असे दोन्ही हवे असल्यास आधी कार्यालयात लग्न उरकावे आणि विधी नंतर ठेवावा, म्हणजे कागदोपत्री गुंतागुंत होत नाही.

नोटीस देण्यापूर्वी कायद्याच्या अटी एकदा शांतपणे तपासाव्यात. वराचे वय २१ आणि वधूचे १८ वर्षे पूर्ण असावे, दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा (घटस्फोट झाला असल्यास अर्थातच वेगळे), दोघेही वैध संमती देण्यास सक्षम असावेत आणि दोघांचे नाते निषिद्ध नात्यांच्या यादीत बसणारे नसावे. महाराष्ट्रात अनेक घरी मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न रूढ असले, तरी या कायद्याच्या यादीत दोन्ही नाती निषिद्ध आहेत. रूढीची सवलत कायद्यात आहे, पण त्यासाठी ती रूढी शासनाने राजपत्रात अधिसूचित केलेली असावी लागते. तेव्हा अशा जोडप्यांनी नोटिशीआधीच विवाह अधिकाऱ्याला स्पष्ट विचारावे. घरातील वडीलधाऱ्यांना अनेकदा वाटणारी एक शंका मात्र निराधार आहे. १८७२ च्या जुन्या कायद्यात आपण अमुक धर्म मानत नाही असे जाहीर करावे लागे. १९५४ च्या कायद्यात धर्म सोडण्याची किंवा बदलण्याची कोणतीही अट नाही.

कागदपत्रांत वयाचा पुरावा (जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट), पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्रे लागतात. घटस्फोटितांनी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडावी आणि अपिलाची मुदत संपली आहे याची खात्री करावी, तर विधवा किंवा विधुर व्यक्तीने आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला जोडावा. सर्वांत जास्त खोळंबा होतो तो नावांमुळे. आधार कार्डावर वडिलांचे नाव आहे, शाळेच्या दाखल्यावर फक्त आद्याक्षर आहे आणि पासपोर्टवर आडनावाचे स्पेलिंग वेगळे आहे, असे असल्यास ते आधीच दुरुस्त करून घ्यावे.

नोटीस दाखल झाली की ती कार्यालयाच्या नोटीस पुस्तकात नोंदवली जाते आणि दर्शनी फलकावर लावली जाते. दोघांपैकी कोणाचे कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर तेथील विवाह अधिकाऱ्याकडेही तिची प्रत जाते. घरून विरोध असलेल्या जोडप्यांनी ही गोष्ट गृहीत धरूनच पुढचे ठरवावे. प्रसिद्धीपासून ३० दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो, पण ती वर सांगितलेल्या अटींचा भंग होतो एवढ्याच कारणावर; जात वेगळी आहे, धर्म वेगळा आहे किंवा आईवडिलांना पसंत नाही, ही हरकतीची कारणे होऊच शकत नाहीत. हरकत आल्यास अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि त्याने विवाह लावण्यास नकार दिल्यास जिल्हा न्यायालयात ३० दिवसांच्या आत अपील करता येते.

आता दिवस ठरवावा. प्रसिद्धीनंतरचे ३० दिवस संपल्यावर विवाह होऊ शकतो आणि नोटीस दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो झाला नाही तर नोटीस रद्द होऊन सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. ५ जानेवारीला नोटीस दिली आणि त्याच दिवशी ती फलकावर लागली, असे धरले तर ५ फेब्रुवारी ते ५ एप्रिल यांच्या दरम्यानचा कामकाजाचा दिवस निवडावा. शेवटचा आठवडा टाळलेला बरा. हे ३० दिवस कमी करून देण्याचा अधिकार कोणालाही नाही, त्यामुळे ‘दोन दिवसांत कोर्ट मॅरेज’ अशी हमी देणारा एजंट या कायद्याखालचे लग्न लावून देत नसतो, हे समजून घ्यावे.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. त्यांनी मूळ ओळखपत्र आणि छायाचित्र सोबत आणावे. साक्षीदार निवडताना मानापेक्षा वक्तशीरपणा पाहावा, आणि चौथी एक व्यक्ती कागदपत्रांसह तयार ठेवावी, कारण तिसरा साक्षीदार वाहतुकीत अडकला तर अधिकाऱ्याला पुढे जाता येत नाही. बहुतेक कार्यालयांत जागा बेताची असते. म्हणून आत किती माणसे येऊ शकतील, हार घालता येतील का, छायाचित्रकार चालेल का, हे आदल्या आठवड्यातच विचारून घ्यावे. जास्त शुल्क भरून अधिकाऱ्याला जवळच्या अन्य ठिकाणी बोलावण्याची तरतूदही कायद्यात आहे.

प्रत्यक्ष समारंभ थोडक्यात आटोपतो. वधूवर आणि साक्षीदार आधी घोषणापत्रावर सह्या करतात. त्यानंतरचा विधी कोणत्याही पद्धतीचा असू शकतो; पण अधिकारी आणि तिन्ही साक्षीदार यांच्यासमोर, दोघांना समजणाऱ्या भाषेत, “मी अमुक, तुला अमुक हिला, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो” हे वाक्य वराने आणि त्याच अर्थाचे वाक्य वधूने उच्चारल्याशिवाय विवाह पूर्ण होत नाही. मंगळसूत्र, सप्तपदी, अंगठी हे सारे ऐच्छिक आहे. हे वाक्य घरी एकदोनदा मोठ्याने म्हणून पाहावे, कारण ऐनवेळी पूर्ण नाव घेताना भलेभले अडखळतात. स्वतःचे काही शब्द जोडायचे असतील तर तेही जोडता येतात. वधूवरांनी परस्परांना वचन देण्याची परंपरा महाराष्ट्राला १८७३ पासून, सत्यशोधक विवाहांमुळे, परिचित आहे.

शेवटी विवाह प्रमाणपत्राच्या नोंदवहीत दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या होतात. सही करण्यापूर्वी नावांतील ऱ्हस्व-दीर्घ, इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख आणि पत्ता बोट ठेवून वाचावा; मागे रांग थांबली आहे म्हणून घाई करू नये, कारण नंतरची दुरुस्ती वेळखाऊ असते. वधूने नाव बदललेच पाहिजे असे हा कायदा सांगत नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि बँकेची कामे पुढे असतील, तर त्याच वेळी एकाहून अधिक प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करावा.