रांजणवाडी परत परत येतेय? ॲलर्जी लिहिण्याआधी पापणीची कड दाबून बघा

एप्रिल-मेमधली मराठवाड्यातली ओपीडी म्हणजे डोळे चोळणारी पोरं. बहुतेकांना ॲलर्जीच असते, म्हणून हात सवयीने तेच लिहितो. त्यातच एखाद्याला खाज कमी, पण उजेड अजिबात सहन होत नाही, वर्षात तीन-चार रांजणवाड्या होऊन गेलेल्या, एक डोळा जास्त लाल. तिथे थांबा, हा रोझेशिया असू शकतो: चेहऱ्याची कातडी लाल करणारा आणि पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबवणारा आजार. गालावरची लाली शोधू नका. मुलांत बऱ्याचदा रोझेशिया आधी डोळ्यातच दिसतो, आणि सावळ्या कातडीवर लाली उठून दिसतेच कुठे!

खरा सापळा स्टेरॉईडच्या थेंबांचा. चार दिवसांत डोळा पांढरा, आई खूश, तुम्हीही खूश. थेंब थांबले की परत लाल. स्टेरॉईडने ॲलर्जीही उतरते आणि रोझेशियाही. उतरला म्हणून ॲलर्जी ठरत नाही. पुढे तीच बाटली मेडिकलमधून परस्पर येत राहते, डोळ्यातलं प्रेशर वाढतं, कॉर्नियावर (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) खालून रक्तवाहिन्या चढतात आणि फूल पडतं.

स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणारं तपासणीचं यंत्र) पापणीची कड हलकी दाबा. निरोगी तेलग्रंथीतून गोडेतेलासारखा स्वच्छ थेंब येतो. रोझेशियात गोठलेल्या तुपासारखं येतं, किंवा काहीच नाही. वरची पापणी उलटा: आत मोठे गोटे (उंचवटे) दिसले तर ॲलर्जीकडे झुका. सुन्न करणारा थेंब टाकण्याआधी कापसाच्या टोकाने कॉर्नियाची संवेदना बघा. कमी असेल तर हर्पिस विषाणूचा संशय धरा. फ्लिक्टेन (कॉर्नियाच्या कडेजवळचा छोटा पांढुरका फोड) दिसला तर क्षयासाठी मॅन्टू (कातडीतली चाचणी) आणि छातीचा एक्स-रे कराच. टॉर्चवर निदान सांगणारे सीनियर भेटतील. त्यांची नक्कल करू नका.

वेळेत धरलं तर पोरं छान सुधारतात. मिटलेल्या पापण्यांवर गरम फडक्याचा शेक दिवसातून दोनदा, 5 ते 10 मिनिटं. फडकं मिनिटभरात गार होतं, उपचार इथेच फसतो. गरम पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवायला सांगा, आधी आईने मनगटावर लावून बघावं. मग वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर दाबत न्यायची. 8 वर्षांखाली डॉक्सीसायक्लिन नको, दात कायमचे डागाळू शकतात. एरिथ्रोमायसिन किलोमागे दिवसाला 30 ते 40 मिग्रॅ, विभागून, काही आठवडे. स्टेरॉईड लागलंच तर थोडे दिवस, कमी करत. लांबलं तर स्टेरॉईडऐवजी सायक्लोस्पोरिनचे थेंब. चष्म्याचा नंबरही काढा, नाहीतर डोळा आळशी होतो.

बीडकडची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. त्यांना 'पंधरा दिवसांनी या' लिहून उपयोग नाही. निघण्याआधी बोलवा, स्टेरॉईड आवरतं घ्या, आणि चुलीवरच्या पाण्याने कोपीतही (ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी) शेक कसा द्यायचा ते आईच्या हातून करून घ्या.