वडिलांचे ऋण नेमक्या शब्दांत कसे मानावे

‘तुम्ही आमच्यासाठी खूप केलेत’ हे वाक्य खरे असते, परंतु ऐकणाऱ्या वडिलांना त्यात स्वतःचे असे काही सापडत नाही, कारण हेच वाक्य कोणीही कोणालाही म्हणू शकतो. म्हणून कृतज्ञतेचा आरंभ आठवणीपासून करावा. एखाद्या संध्याकाळी कागद घेऊन बसावे आणि वडिलांनी आपल्यासाठी केलेल्या दहा गोष्टी लिहून काढाव्यात. ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘त्यागी’ ही विशेषणे टाळून फक्त कृती लिहावी: त्यांनी काय केले, केव्हा केले, त्या वेळी ते किती थकलेले होते. पहिल्या तीन-चार गोष्टी चटकन सुचतात. त्यानंतर लेखणी अडते, आणि खरी आठवण तिथूनच सुरू होते.

माझ्या यादीत सातव्या क्रमांकावर बूट आले. दर शनिवारी रात्री माझे बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आम्हा सर्व भावंडांचे बूट ओळीने मांडत, जुन्या बनियनच्या तुकड्याने त्यांना पॉलिश लावत आणि टाचेच्या कडेची धूळ जुन्या दातघासणीने काढत, कारण दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये रविवारची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, असे. त्याबद्दल ते कधी एक शब्दही बोलले नाहीत. सकाळी बूट चकचकीत असतात, हे आम्ही सूर्य उगवतो तितकेच सहज धरून चाललो होतो.

कृतीच लिहाव्यात असा आग्रह मी धरतो, त्यामागे मरियेचे पती आणि येशूचे पालकपिता संत योसेफ आहेत. येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधील चारही शुभवर्तमानांत त्यांच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही, नोंदली आहेत ती कामे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांत त्यांना चार वेळा स्वप्नात संदेश मिळतो आणि ते उठून निघतात: मरियेचा स्वीकार करतात, बाळ व त्याची आई यांना घेऊन रातोरात इजिप्तला जातात, परत येतात, गालीलात वस्ती करतात. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांच्या येशूचा तीन दिवस शोध घेणाऱ्या आईवडिलांत ते आहेत, पण तिथेही बोलते ती मरिया: ‘तुझे वडील आणि मी’ असे ती म्हणते. हे उतारे हातात पेन्सिल घेऊन वाचावेत, योसेफांच्या केवळ क्रियापदांखाली रेघ ओढावी आणि मग आपली यादी शेजारी ठेवावी. अबोल वडिलांची मुले हे वाचताना थबकतात, असा माझा अनुभव आहे.

यादी झाली की ती आधी देवापुढे न्यावी. संत पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगतात, की प्रत्येक पितृत्वाला नाव मिळते ते स्वर्गीय पित्यापासून. तेव्हा वडिलांच्या हातून जे मिळाले त्याचा उगम कुठे आहे, हे ओळखणे कृतज्ञतेचाच भाग ठरते. मिस्सेला ‘युखरिस्त’ असेही म्हणतात, आणि या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. मिस्सेत अर्पणाच्या वेळी यादीतील एकच कृती मनात धरून ती भाकरी व द्राक्षारसाबरोबर अर्पण करावी. शक्य असल्यास धर्मगुरूंकडे वडिलांच्या हेतूसाठी मिस्सा सांगावी. ती मृतांसाठीच असते असे अनेकांना वाटते, पण जिवंत वडिलांसाठीही मिस्सा अर्पण करता येते आणि ती जरूर करावी.

त्यानंतर प्रत्यक्ष वडिलांशी बोलावे किंवा त्यांना पत्र लिहावे. १९ मार्च हा संत योसेफांचा महासण आणि १ मे हा १९५५ साली पोप बारावे पायस यांनी सुरू केलेला कामकरी योसेफांचा सण, हे दोन्ही दिवस यासाठी उत्तम आहेत, परंतु एखादा साधा बुधवारही चालतो, कारण परंपरेने बुधवार योसेफांचा मानला जातो. पाहुण्यांच्या गर्दीत बोलू नये, कारण चारचौघांत वडील विषय बदलतात. एकाच कृतीबद्दल लिहावे, आणि त्याच पत्रात औषधे वेळेवर घेण्याची सूचना, जुनी तक्रार किंवा एखादी विनंती जोडू नये. बुटांबद्दलचे माझे पत्र बाबांनी दोनदा वाचले, चष्मा काढून पुसला आणि एवढेच विचारले, ‘तुला ते आठवते?’

वडिलांच्या जागी उभे राहिलेल्या माणसांची यादी वेगळी करावी. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी, योसेफांना वैश्विक ख्रिस्तसभेचे आश्रयदाते घोषित केल्याच्या दीडशेव्या वर्षी, प्रसिद्ध केलेल्या प्रेषितीय पत्रात म्हटले आहे, की मूल जन्माला घातल्याने कोणी पिता होत नाही, तर त्याची जबाबदारी स्वीकारल्याने होतो, आणि दुसऱ्याच्या जीवनाची जबाबदारी घेणारा प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या अर्थाने त्याचा पिता असतो. काका, मामा, आजोबा, सावत्र वडील, शिक्षक, स्नानसंस्काराच्या वेळी आपल्यासाठी उभे राहिलेले धर्मपिता, हे सारे इथे येतात. धर्मगुरूंना तर आपण ‘फादर’ म्हणूनच हाक मारतो, तरीही त्यांचे आभार बहुधा बदलीच्या निरोपसमारंभात एका हाराने उरकले जातात. त्यांच्यापुढे केलेल्या एखाद्या पापनिवेदनाने आपले आयुष्य सावरले असेल, तर ते त्यांना स्वतःहून सांगावे. गोपनीयतेच्या बंधनामुळे ते स्वतः तो विषय कधीच काढू शकत नाहीत, त्यामुळे आपण न सांगितल्यास त्यांना ते कळण्याचा मार्गच उरत नाही.

वडिलांनी दुखावले असेल, सोडून दिले असेल, तर हे सारे वाचणे कठीण जाते, याची मला जाणीव आहे. कृतज्ञतेसाठी खोटे बोलावे लागत नाही. यादीत एकच खरी गोष्ट असेल, अगदी केवळ ‘जीवन मिळाले’ एवढीच असेल, तर एकच लिहावी. देवाच्या दहा आज्ञांपैकी आईवडिलांचा मान राखण्याची चौथी आज्ञा अत्याचार लपवायला सांगत नाही, आणि क्षमा करणे म्हणजे पुन्हा त्याच धोक्यात जाणेही नव्हे. अशा वेळी जखम एखाद्या विश्वासू धर्मगुरूपुढे किंवा समुपदेशकापुढे मांडावी आणि वडिलांच्या जागी उभे राहिलेल्यांची दुसरी यादी आधी पूर्ण करावी.

वडील वृद्ध असतील तर शब्दांपेक्षा सेवा महत्त्वाची ठरते. ‘त्यांची बुद्धी क्षीण झाली तरी धीर धर’ असे बायबलमधील बेनसिराच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. फ्रान्समधील लिझ्यूच्या संत तेरेजा यांचे वडील लुई मार्टिन अखेरच्या वर्षांत मानसिक आजाराने ग्रासले होते आणि तीन वर्षे रुग्णालयात होते. २०१५ साली ते पत्नीसह संत घोषित झाले. वडिलांनी एकच गोष्ट पाचव्यांदा विचारली, तर पाचव्यांदाही पहिल्याच स्वरात उत्तर द्यावे.

आणि वडील हयात नसतील, तर २ नोव्हेंबरची, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनाची, वाट पाहावी असे नाही, पण तो दिवस चुकवू नये. १ ते ८ नोव्हेंबरदरम्यान दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्याला ख्रिस्तसभेच्या नेहमीच्या अटींवर त्यांच्यासाठी पूर्ण दंडमोचन, म्हणजे पापांमुळे उरलेल्या शिक्षेतून पूर्ण सूट, मिळवता येते. फुले आणि मेणबत्तीबरोबर यादीचा कागदही न्यावा, ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ ही प्रार्थना सावकाश म्हणावी आणि यादीतील एकेक ओळ, मोठ्याने, त्यांना वाचून दाखवावी.