टॅडपोलच्या मेंदूत न्यूरोपेप्टाइड शोधताना

विदर्भात पीएचडी करताना माझ्याकडे मायक्रोहायला ऑर्नाटा या लहानशा बेडकाच्या टॅडपोलच्या, म्हणजे शेपटीवाल्या पिल्लाच्या, वाढत्या मेंदूत न्यूरोपेप्टाइड वाय हा चेतापेशींचा संदेशवाहक रेणू कोठे आणि केव्हा दिसू लागते, हे पाहण्याचे काम होते. ३६ अमिनो आम्लांचा हा रेणू १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून प्रथम वेगळा करण्यात आला. बेडकात आणि माणसात त्याची रचना जवळजवळ सारखीच असल्यामुळे सस्तन प्राण्यांतील रेणूविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड (त्या रेणूला चिकटून तो कोठे आहे हे दाखवणारे प्रथिन) बेडकातही वापरता येते.

प्राण्यांवरील प्रयोगांची परवानगी पावसाळ्याच्या बऱ्याच आधी हाती असावी, कारण डबक्यातील अंडी कोणासाठी थांबत नाहीत.

पहिल्या वर्षी मी टॅडपोलचे वय दिवसांत मोजले आणि तो सगळा हंगाम वाया गेला. पाण्याचे तापमान, गर्दी आणि अन्न यांनुसार एकाच दिवशी उबलेली पिल्ले निरनिराळ्या वेगाने वाढतात, म्हणून गॉसनर यांनी १९६० मध्ये शरीराच्या खुणांवरून मांडलेल्या वाढीच्या ४६ अवस्थांचाच आधार घ्यावा. या प्रजातीच्या टॅडपोलला मुखातील शृंगी दात नसल्याने त्या खुणा येथे उपयोगी पडत नाहीत. मागच्या पायांची बोटे आणि ४२व्या अवस्थेत बाहेर येणारे पुढचे पाय नीट पाहावेत.

सर्वांत जास्त काळजी तपकिरी रंगाबाबत घ्यावी लागते. प्रतिपिंड जेथे चिकटते तेथे डीएबी या रंजकाने पेप्टाइड असलेली पेशी तपकिरी दिसते, आणि टॅडपोलच्या मेंदूच्या आवरणातील मेलॅनिन हे नैसर्गिक रंगद्रव्यही काळपट तपकिरीच असते. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या खालच्या भागाच्या तळाशी दिसलेल्या ठिपक्यांच्या एका रांगेला मी आनंदाने चेतापेशी म्हटले होते. प्राथमिक प्रतिपिंड (थेट पेप्टाइडला चिकटणारे) न लावलेल्या शेजारच्या छेदातही, म्हणजे मेंदूच्या पातळ कापातही, तीच रांग दिसल्यावर ते रंगद्रव्य असल्याचे कळले. तेव्हापासून प्रत्येक अवस्थेचा एक छेद मी अजिबात रंजन न करता ठेवते. प्रतिपिंड आधी कृत्रिम पेप्टाइडमध्ये मिसळून ठेवल्यास खरे रंजन नाहीसे व्हायला हवे, हीही चाचणी करावी. मात्र पेप्टाइड वायवाय हा याच कुळातील रेणू असल्याने आणि प्रतिपिंड त्यालाही चिकटू शकत असल्याने याच चाचणीत तोही वापरून पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

रंजन दिसले नाही म्हणजे पेप्टाइड तयारच होत नाही, असेही नव्हे. ते पेशीत न साठता तंतूंतून लगेच पुढे जात असेल, तर पेशीकाय (चेतापेशीचा मुख्य भाग) फिकट आणि तंतू मात्र ठळक दिसतात. अशा वेळी त्याच अवस्थेच्या छेदांवर इन सिटू हायब्रिडायझेशन या पद्धतीने संदेशवाहक आरएनए, म्हणजे पेप्टाइड तयार करण्याची सूचना नेणारा रेणू, शोधावा, म्हणजे पेप्टाइड कोठे तयार होते आणि कोठे साठते, या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. नकाशा काढतानाही पेशीकाय आणि तंतू वेगवेगळ्या खुणांनी दाखवावेत. माझ्या पहिल्या आराखड्यात त्या एकत्र झाल्या होत्या आणि सगळे छेद मला पुन्हा पाहावे लागले.