पेज, लाळ आणि आयोडीन: सातवीचा पचनाचा तास

पचनसंस्थेची आकृती मुलं झकास काढतात, यकृत तपकिरी, पित्ताशय हिरवं. "पण भाकरीचं आत होतं काय?" असं विचारलं की वर्ग चिडीचूप. म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मी हा धडा बाटल्यांपासून सुरू करते.

तास मध्यान्ह भोजनाच्या आधीचा घ्या. खिचडीला फोडणी बसली की कुणाकडे लाळ मागावी लागत नाही. तरी आधी चूळ भरायला लावा, नाहीतर दातांत अडकलेलं बिस्कीट निकाल बिघडवतं. ज्याची लाळ त्यानेच हाताळायची, हा नियम पक्का.

भाताची पेज गाळून घ्या आणि चमचाभर पेज अर्धा ग्लास पाण्यात ढवळा. जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून फिकं पिवळसर करा. ते पोटात जाता कामा नये आणि कपड्यावर पडलं तर डाग पडतो. आता चार छोट्या काचेच्या बाटल्यांत सारखी पेज ओता. पहिलीत नुसतं पाणी घाला, दुसरीत लाळ. तिसरीत लाळच, पण आधी पाचेक मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून गार केलेली. चौथीत आधी चमचाभर व्हिनेगर, मग लाळ. चारही बाटल्या हाताला कोमट लागेल अशा पाण्यात अर्धा तास उभ्या करा.

मग आयोडीनचे थेंब टाका. पहिली, तिसरी, चौथी पेजेतल्या स्टार्चमुळे निळीकाळी होते. दुसरी पिवळीच राहते, कारण तिच्यातला स्टार्च लाळेतल्या अमायलेज या विकराने (एन्झाइमने) तोडून माल्टोज नावाची साखर केलेली असते. उकळलं की विकर निकामी होतं आणि आम्लातही त्याचं काम थांबतं. दुसऱ्या बाटलीत थेंब पडल्या पडल्या रंग उडाला, तर पिवळेपणा टिकेपर्यंत आणखी थेंब घाला. त्याशिवाय निकाल लिहून घेऊ नका.

व्हिनेगर नाही म्हणून लिंबू पिळायचा मोह होईल. लिंबू नको! त्यातलं 'क' जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवतं आणि स्टार्च असूनही बाटली पांढरी दिसते. मुलं टाळ्या वाजवतात, निष्कर्ष उलटा निघतो.

बाटल्या वाट बघत असताना प्रत्येकाला ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा द्या आणि गिळू न देता मिनिटभर चावायला लावा. हळूहळू गोडसर लागायला लागतो.

चौथी बाटली म्हणजे जठर. तिथल्या आम्लात स्टार्चचं काम थांबतं आणि प्रथिनांचं सुरू होतं, ते पेप्सिन हे विकर करतं. स्टार्चचं उरलेलं काम पुढे लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसात होतं. हे अंतर दाखवायला मी आईचं नऊवारी लुगडं आणते. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. वऱ्हांड्यात पसरून खडूने खुणा करा: तोंड आणि घसा वीतभर, अन्ननलिका २५ सेंटीमीटर, जठर साधारण तेवढंच, लहान आतडं ६ मीटर, मोठं दीड. लुगडं जवळजवळ पुरतं. लहान आतड्याचा पट्टा चालून बघितला की अन्नाचा सगळ्यात लांब प्रवास कुठे होतो ते सांगावं लागत नाही. शोषणही मुख्यतः तिथेच होतं.

मेदासाठी एका बाटलीत पाणी आणि चमचाभर तेल घालून हलवा. तेल पुन्हा वर येतं. आता रिठ्याचं पाणी घालून हलवा. तेलाचे बारीक थेंब होऊन पाणी दुधट दिसतं. पित्तरस हेच करतो: मेद पचवत नाही, बारीक करून विकरांपुढे ठेवतो. जीवनसत्त्वं, खनिजं यांना असं तोडावं लागत नाही. तंतू आपल्या विकरांना तुटत नाहीत, त्यातल्या काहींवर मोठ्या आतड्यातले जिवाणू जगतात.

"बाई, मग पाणी कुठं पचतं?" हा प्रश्न ठरलेला. पाणी पचत नाही, शोषलं जातं. बरंचसं लहान आतड्यात, उरलेलं मोठ्या. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या भिंतीतून जोडीने आत जातात आणि पाण्याला सोबत नेतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रोग्यांना याच तत्त्वावर साखर-मिठाचं पाणी पाजलं. तेही वर्गात करून घ्या: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा छोटा, ५ मिलिलिटरचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू देऊ नका. चाखून बघा: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि पुन्हा करा.