आधी डोस, मग आरोपीचा रिपोर्ट

पोलिसात नवीन भरती झालेल्यांना रक्तापासून वाचवणाऱ्या हातमोज्यांचं महत्त्व मी सांगत बसत नाही, ट्रेनिंगमध्ये ते घोकून घेतात. फक्त मोजे जीपच्या डिकीत नकोत, पँटच्या खिशात हवेत. शिरोलीजवळ हायवेवर गाडीत माणूस अडकलेला असतो तेव्हा डिकी उघडायला कुणी जात नाही.

आणि मोज्याने सुई थांबत नाही. झडतीत गर्दुल्ल्याच्या खिशातली सिरिंज माझ्या बोटात मोज्यासकट गेली. सोबतचे हवालदार म्हणाले, "थांब रे, आधी त्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट येऊ दे. निगेटिव्ह निघाला तर गोळ्या कशाला खातोस?" ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! सगळा घोळ इथंच होतो.

सुई टोचल्यावर एचआयव्ही रोखणारी औषधं, म्हणजे पीईपी, जमलं तर २ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. ७२ तासांनंतर ती देत नाहीत. आरोपीची तपासणी त्याच्या संमतीशिवाय करता येत नाही, २०१७ चा कायदा तसा आहे. तो नाही म्हणाला तर? हो म्हणाला आणि निगेटिव्ह आला, पण लागण अगदी ताजी असली तर? ताज्या लागणीत रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून परत सांगतो, पहिला डोस रिपोर्टची वाट न बघता घ्यायचा. पुढे गरज नसेल तर डॉक्टर बंद करतील, नाहीतर कोर्स २८ दिवसांचा. थेट सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जा, रात्र असली तर अपघात विभागात, आणि "सुई टोचलीय, पीईपी पाहिजे" असं स्पष्ट बोला. सीनियरचं ऐकावं ते पंचनाम्याच्या भाषेबाबत, औषधाबाबत नाही.

बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. साबण आणि वाहतं पाणी, बस. डोळ्यात रक्त उडालं तर नुसत्या पाण्याने धूत राहा.

घाबरून जाऊ नका. एचआयव्ही असलेल्याची सुई टोचली तरी लागण साधारण १००० मध्ये ३ जणांना होते, तीही औषध न घेता. आरोपी अंगावर थुंकला आणि थुंकीत रक्त नसेल, तर त्याने एचआयव्ही होत नाही. खरी भीती हिपॅटायटिस बीची. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तात ७ दिवस तग धरतो, आणि लस न घेतलेल्याला सुईतून लागण होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. लस ०, १ आणि ६ महिन्यांनी. तिसरा डोस हमखास जोतिबाच्या यात्रेच्या नाहीतर गणपतीच्या बंदोबस्तात बुडतो, तो बुडवू नका. हिपॅटायटिस सीला मात्र लस नाही, लागण रोखायला घ्यायची गोळीही नाही, तपासणीच करत राहायची.

स्टेशन डायरीत वेळेसकट नोंद करा, पण सीपीआरहून आल्यावर. त्याच दिवशी तुमचं स्वतःचं रक्तही तपासून घ्या, नाहीतर लागण ड्युटीवर झाली हे पुढे सिद्ध करता येत नाही. मग ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी परत तपासा. तोवर घरी निरोध वापरा आणि रक्तदान करू नका, ठाण्यात शिबिर लागलं आणि साहेबांनी यादी फिरवली तरीही.