हनिमूनचं रेल्वे आरक्षण: या चुका टाळा, नाहीतर दोघं दोन डब्यांत

हॉल, आचारी, फोटोग्राफर हे सगळं सहा-सहा महिने आधी ठरतं. रेल्वेचं तिकीट मात्र ‘पत्रिका छापून झाल्या की बघू’ म्हणून मागे पडतं. मुंबई-पुण्याहून केरळला जायला एक रात्र जाते, हिमाचल किंवा दार्जिलिंगकडे निघालात तर दोनही जातात. परतीच्या धरल्या तर आठ दिवसांच्या सहलीतल्या दोन ते चार रात्री गाडीतच. त्या कशा जाणार हे आरक्षणाच्या दिवशी ठरतं, त्यामुळे सगळ्यात महाग पडणाऱ्या चुका घरबसल्याच होतात.

तारीख मोजण्यातली गफलत

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० वरून ६० दिवसांवर आली आहे आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. १० डिसेंबरला सुटणाऱ्या गाडीचं आरक्षण ११ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता उघडतं. अजूनही चार महिन्यांचा हिशेब डोक्यात ठेवून शोधणारे ‘गाडी दिसतच नाही’ म्हणून विमानाकडे वळतात.

हे ६० दिवस गाडी जिथून सुटते त्या स्थानकाच्या तारखेवरून मोजतात. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस निजामुद्दीनहून निघते आणि पनवेलला दुसऱ्या दिवशी येते. तुम्ही १० डिसेंबरला पनवेलला चढणार असाल तर गाडी ९ तारखेला सुटलेली असते, म्हणून तिचं आरक्षण १० ऑक्टोबरलाच उघडेल. हा एक दिवस चुकला तर लग्नसराईत थेट वेटिंग लिस्ट पदरात पडते.

आरक्षण उघडतं त्या वेळी आधार पडताळणी झालेल्या खात्यालाच ऑनलाइन तिकीट काढता येतं. ही पडताळणी आठवडाभर आधी करून ठेवा. दोघांची नावं प्रवासी यादीत भरून ठेवा आणि पैसे कशाने भरणार तेही ठरवा. सकाळी आठ वाजता ओटीपीची वाट बघत बसण्यात चांगले बर्थ जातात.

मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांचा घोळ तर नेहमीचा. १२ तारखेची ००.२० ची गाडी म्हणजे ११ तारखेला रात्री जेवून स्टेशनवर पोहोचायचं. १२ च्या रात्री गेलात तर तुमची गाडी चोवीस तासांपूर्वी निघून गेलेली असेल.

आणि कृपया लग्नाच्या दुसऱ्याच दिवशीची गाडी धरू नका. सत्यनारायण, मांडव परतणं, कुलदैवताचं दर्शन, कुणाकडे गोंधळ, यात तीन दिवस सहज जातात. मुहूर्त ठरल्याबरोबर दोन्ही घरच्यांना विचारून जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर जे काही असेल त्याची तारीख नक्की करा. गाडी त्यानंतर किमान एक मोकळा दिवस सोडून घ्या. दिवसभर पूजेला बसून रात्री सामान भरत स्टेशन गाठलेलं जोडपं पहिला दिवस नुसता झोपून काढतं.

कूपे मिळणारच असं धरून चालणं

फर्स्ट एसीत दोन प्रकारच्या खोल्या असतात: चार बर्थची केबिन आणि दोन बर्थचा कूपे. दोन्हींचं भाडं सारखंच. तिकीट कन्फर्म झालं तरी त्यावर बर्थ क्रमांक नसतो, कारण कोणाला काय द्यायचं ते चार्ट, म्हणजे गाडी सुटण्याआधीची प्रवाशांची अंतिम यादी, बनताना ठरतं. आरक्षण करताना पसंतीच्या रकान्यात ‘कूपे’ निवडता येतो आणि तो निवडायलाच हवा, पण ती फक्त विनंती असते. एकाच तिकिटावर दोन प्रवासी असले तर शक्यता वाढते. तरी इतर कोट्यातून एखादं नाव आलं की तुम्ही केबिनमध्ये आणि समोर दोन अनोळखी माणसं, असं होऊ शकतं. लग्नपत्रिका जोडून रेल्वेच्या वाणिज्य कार्यालयात अर्ज देता येतो. तोही मंजूर होईलच असं नाही.

डब्याची रचनाही बघा. ‘एच१’ म्हणजे पूर्ण डबा फर्स्ट एसीचा, त्यात कूपे जास्त. ‘एचए१’ म्हणजे अर्धा फर्स्ट एसी, अर्धा सेकंड एसी, आणि त्यात कूपे एखादाच. दोन गाड्यांपैकी निवड करायची असेल तर एच१ असलेली घ्या.

फर्स्ट एसीला तत्काळ नाही आणि आरएसीही (एक बर्थ दोघांत वाटून) नाही. त्यामुळे तिथलं वेटिंग फार हळू सरकतं. ‘होईल शेवटी’ या भरवशावर हॉटेलचे पैसे भरून बसू नका.

फर्स्ट एसी नसेल तर बहुतेक जण सेकंड एसीत कुठलेही दोन बर्थ घेतात. त्यापेक्षा साइड लोअर आणि साइड अपर अशी जोडी मागा. सेकंड एसीत ती ५-६, ११-१२, १७-१८ अशी येते. दिवसा खालच्या बर्थच्या समोरासमोर दोन सीट होतात, खिडकी फक्त तुमची, तिसरं कुणी येऊन बसत नाही, आणि पडदा ओढता येतो. तोटे दोन: येणारे-जाणारे अगदी शेजारून जातात आणि साइड बर्थ आखूड असतो, उंच माणसाचे पाय दुमडूनच राहतात. आमचं मत असं की एका रात्रीच्या प्रवासाला ही जोडी चार बर्थच्या केबिनपेक्षा बरी. दोन रात्री असतील तर मात्र केबिन मिळाली तरी फर्स्ट एसीच घ्या. दार लावता येतं, वर्दळ कमी आणि स्वच्छतागृहावर गर्दी नसते. थर्ड एसीत पडदे नसतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आरक्षणाच्या फॉर्मवर खाली काही पर्याय असतात, ते वाचायला कुणी थांबत नाही. ‘सगळे बर्थ एकाच डब्यात मिळाले तरच’ हा पर्याय निवडा. वेटिंगच्या तिकिटावर ‘विकल्प’ मात्र विचार करून निवडा. त्यात दुसऱ्या गाडीत जागा मिळते, चढण्या-उतरण्याचं स्थानकही जवळपासचं दुसरं असू शकतं, आणि पुढचं हॉटेल-टॅक्सीचं गणित बिघडतं.

नवरीचं नाव

लग्नानंतरचं नाव हौसेने तिकिटावर घातलं जातं आणि ओळखपत्रावर माहेरचं नाव असतं. प्रवासाच्या दिवशी हातात जे मूळ ओळखपत्र असेल, त्यावर जे नाव आहे तेच तिकिटावर घाला. आधारवरचं नाव लग्नाच्या गडबडीत बदलायला टाकू नका, परत आल्यावर करा. हॉटेलातही दोघांचं ओळखपत्र मागतात.

तिच्या वडिलांनी तिचं आणि त्याने स्वतःचं, अशी वेगवेगळी तिकिटं काढू नका. दोन पीएनआर म्हणजे दोन डबे होण्याची पुरेपूर शक्यता. लग्न कोल्हापूरला आणि तिकीट मुंबईहून, पण चढायचं मधल्या स्थानकावर, असं असेल तर चार्ट बनण्यापूर्वी ‘बोर्डिंग’ स्थानक ऑनलाइन बदलून घ्या. न बदलता पुढच्या स्थानकावर चढायला गेलात तर तुमचा बर्थ दुसऱ्याला दिलेला असू शकतो.

जोडगाडी आणि चुकीचं स्थानक

दिल्लीमार्गे सिमल्याला जाणाऱ्यांचा हा ठरलेला घोटाळा. मुंबई सेंट्रलहून निघालेली राजधानी नवी दिल्लीला सकाळी साडेआठच्या सुमारास पोहोचते. काल्का शताब्दी नवी दिल्लीहून त्याआधीच, पावणेआठच्या सुमारास सुटते. सीएसएमटीची राजधानी तर नवी दिल्लीला नव्हे, हजरत निजामुद्दीनला जाते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं असतं, गाड्या तासन्‌तास रखडतात. त्या महिन्यांत दिल्लीत एक मुक्काम ठेवा, इतर वेळी दोन गाड्यांत निदान पाच-सहा तास.

काल्का-सिमला ही ९६ किलोमीटरची छोटी गाडी पाच तासांच्या वर वेळ घेते. तिचं आरक्षण आधी बघा, मग मोठ्या गाडीचं. मेट्टुपाळयम-उटीचंही तसंच. तिथली सकाळची गाडी साधारण सातच्या सुमारास सुटते आणि जागा मोजक्या. ती हुकली तर टॅक्सीने घाट चढावा लागतो आणि ज्यासाठी एवढा लांबचा मार्ग निवडला तेच राहून जातं.

दोन्ही गाड्यांची तिकिटं काढल्यावर त्यांचे पीएनआर एकमेकांना जोडून घ्या. प्रवाशांची नावं तीच असावी लागतात. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. न जोडलेल्या तिकिटांवर हा दावा चालत नाही.

गोव्यात हॉटेल बागा-कलंगुटला आणि तिकीट मडगावचं, हेही वारंवार दिसतं. उत्तर गोव्यासाठी थिवी, दक्षिणेसाठी मडगाव, पाळोळ्याला जायचं असेल तर काणकोण. तिकीट काढण्याआधी गाडी तिथे थांबते का ते बघा. मुन्नारला रेल्वे नाही. आलुव्याला उतरून सुमारे ११० किलोमीटर घाटरस्ता आहे, त्याला चार तास धरा. मनालीलाही रेल्वे नाही. चंदीगडपासून पुढे जवळजवळ अख्खा दिवस रस्त्यावर जातो.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या हळू चालतात. नोव्हेंबरचं वेळापत्रक बघून जुलैचा बेत आखू नका.

पहाटे चारला उतरून बाराच्या चेक-इनपर्यंत बाकावर बसण्याऐवजी मोठ्या स्थानकांवरची रिटायरिंग रूम घ्या. कन्फर्म किंवा आरएसी पीएनआरवर ती ऑनलाइन मिळते.

गाडीत

नवीन कडक बॅगांचा सेट बर्थखाली जाईलच असं नाही. ट्रंक-सुटकेससाठी रेल्वेची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे. मोफत वजन माणशी फर्स्ट एसीत ७० किलो, सेकंड एसीत ५०, थर्ड एसीत ४०. एका मोठ्या बॅगेऐवजी दोन मध्यम आणि एक छोटी घ्या, छोटीत रात्रीचे कपडे, औषधं, चार्जर. दागिने घरीच ठेवा. साखळी-कुलूप बर्थखालच्या कडीला लावा.

कूपे मिळाला म्हणून मेणबत्त्या, अगरबत्ती अजिबात नको. तो गुन्हा आहे, आणि धूर ओळखणारी यंत्रणा असलेल्या डब्यात धोक्याची सूचना वाजून गाडीला ब्रेक लागू शकतो. दारूलाही मनाई आहे. फुलं, दिव्यांची बॅटरीवरची माळ चालेल.

तरीही बिनसलं तर

दोघांना वेगळे बर्थ आले असतील तर गाडी सुटल्यावर आधी टीटीईंना विचारा, न आलेल्या प्रवाशांची जागा त्यांना माहीत असते. प्रवाशाशी बदलायचा असेल तर एकट्याने जाणाऱ्याला विचारा आणि त्याच्यापेक्षा बरा बर्थ द्या: तुमचा लोअर, त्याचा अपर. अपर देऊन लोअर मागितला तर नकारच मिळतो.

चार्ट बनल्यावरही दोघं वेटिंगवर असाल तर ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं, ते घेऊन चढू नका. म्हणून चार्टची वाट न बघता तत्काळ बघा: ते आदल्या दिवशी, एसीसाठी सकाळी १० वाजता उघडतं, सेकंड एसीत प्रयत्न करा. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचंच नसेल, तर ती प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर (पैसे परत मागण्याचा अर्ज) भरा, पूर्ण पैसे मिळतात. एसी बंद पडला, चादरी मळक्या निघाल्या, शेजारी त्रास द्यायला लागले, तर १३९ किंवा रेलमदद ॲपवर पीएनआरसह तक्रार नोंदवा. एसीच्या फरकाचे पैसे मागायचे असतील तर उतरण्याआधी टीटीईंकडून लेखी दाखला घ्या.