ॲप-टॅक्सीचालकाने प्राप्तिकर रिटर्न भरताना
(आर्थिक वर्ष २०२५-२६)

सर्वात जास्त घोळ होतो तो उलाढालीच्या आकड्यात. बँकेत जमा झालेली रक्कम म्हणजे उलाढाल नव्हे. कंपनीने कमिशन कापण्याआधीचं एकूण भाडं धरायचं. त्यातला जीएसटी मात्र वगळायचा.

समजा, वर्षाचं भाडं ६,४०,००० रुपये. त्यातले १,४०,००० रोख, बाकी ऑनलाइन. आयटीआर-४ या रिटर्न फॉर्ममध्ये कलम ४४एडी (छोट्या व्यवसायासाठी उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरायची सोय) घेतलं, तर रोखीवर ८ टक्के म्हणजे ११,२०० आणि ऑनलाइनवर ६ टक्के म्हणजे ३०,०००. नफा किमान ४१,२००. खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवा. यातून सीएनजी, कमिशन, गाडीच्या कर्जाचं व्याज पुन्हा वजा होत नाही. ४४एई निवडू नका, ते मालवाहू गाड्यांसाठी आहे.

भरण्याआधी प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवरून फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराची नोंद) आणि एआयएस (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची नोंद) उतरवून घ्या. कंपनीने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला असेल तर तो तिथे दिसतो, आणि कर शून्य असला तरी रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही. तिथला भाड्याचा आकडा तुमच्यापेक्षा मोठा दिसला, तर ॲपमधली महिनावार स्टेटमेंट काढून ताळा करा. बहुतेकदा फरक कमिशनचाच निघतो.

सबमिट केल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा.